साडेपाच फुटांवरचं पाणी

त्याला सगळे खडूमास्तर म्हणायचे, आणि त्यानं उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. शाळेशी त्याचं नातं दहावीच्या दुसऱ्या खेपेलाच तुटलं. पण शर्टाच्या खिशात कायम सुताराचा निळा खडू, म्हणून खडू. आणि समोरचा माणूस बाकावर बसलाय आणि आपण फळ्यापाशी उभे आहोत असं धरूनच बोलायचा, म्हणून मास्तर. नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला माणसाचं पाणी बरोबर जोखता येत होतं.

खडू होता कामाचा. गावाच्या वरच्या अंगाला कालवा, आणि कालव्याला लागून तीन मोठी तळी. नदीला पाणी मावेनासं झालं की जास्तीचं पाणी कालव्यानं आणून या तळ्यांत सोडायचे. तळी पाणी साठवायला नव्हती, मुरवायला होती. तळाला नुसती वाळू. पाणी आलं की गपगुमान खाली उतरायचं, जमिनीच्या पोटातल्या वाळूच्या थरात जाऊन बसायचं, आणि उन्हाळ्यात खालच्या अंगाचे शेतकरी तेच पाणी विहिरींतून उपसून पिकांना द्यायचे. उघड्यावर ठेवलं असतं तर निम्मं उन्हानंच नेलं असतं. व्यवस्था झकास होती, यात वाद नाही. पण जमिनीखालचं पाणी दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कुणीतरी मोजावं लागतं. ते खडूमास्तर मोजायचा.

तळ्यांच्या आसपास चौदा ठिकाणी लोखंडी नळ्या जमिनीत खोल उतरवल्या होत्या. लोखंडी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप नळीत सोडायची, वर ओढायची, खडू कुठवर भिजून काळा पडलाय ते बघायचं, वजाबाकी करायची. नळीच्या तोंडापासून पाणी इतके फूट खाली, असं रजिस्टरात लिहायचं. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल, आकडा लहान म्हणजे पाणी वर आलं. ऑफिसात नवीन कारकून आला की खडूमास्तर त्याला या उलट्या आकड्यांत मुद्दाम गोता खायला लावायचा आणि मग शेवटी बोट वर करून सांगायचा की सगळी गोम नळीच्या तोंडात आहे. तोंड जिथं होतं तिथंच राहिलं पाहिजे. तोंड वर-खाली झालं की खालचा आकडा गेला कामातून. सोळा वर्षं त्यानं हे सगळ्यांना ऐकवलं.

ही अक्कल त्याला मुळात बापानं दिली होती, पण तसं तो कुणाला सांगायचा नाही. बाप विणकर. ताण्याची लांबी हातानं भरायला शिकवताना बाप म्हणायचा, माप किती आलं ते मागून बघ, माप कुठून धरलंस ते आधी बघ. नोकरीसुद्धा बापानंच मिळवून दिली होती, पहिल्या साहेबाच्या घरी पाच जाड चादरी खांद्यावरून नेऊन. पोराला मात्र नोकरी लागल्या दिवसापासून बापाच्या मागाची लाज वाटायला लागली. घरी कुणी आलं की तो समोरच्या खोलीचं दार ओढून घ्यायचा.

कारण माग समोरच्या खोलीत होता. खड्ड्यातला माग. जमिनीत तीन फूट खड्डा, म्हातारा खड्ड्याच्या काठावर बसणार, पाय आत सोडणार, खाली पायांनी पावड्या दाबणार आणि वर हातानं धोटा फेकणार. गल्लीत एके काळी असे तीस खड्डे होते. बाकीच्यांनी ते केव्हाच बुजवले, वर फरशा घातल्या, कुणी दुकान काढलं, कुणी खोली भाड्यानं दिली. उरला हा एक. म्हातारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आणि त्यातली सहासष्ट वर्षं त्या काठावर बसलेला. खाटेवर असला की तो कुणीतरी खोकणारा, उठताना भिंत धरणारा, सुनेच्या पायात येणारा म्हातारा असायचा. खड्ड्यात पाय गेले की कारागीर. पाठ ताठ, हात सरसर. खड्डा गेला तर म्हातारा गेला, हे घरातल्या तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढं कुणाला कळलंच नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

तिघं म्हणजे म्हातारा, खडूमास्तर आणि त्याची बायको. मास्तरला एक मुलगी होती ती लग्न करून लांब गेलेली, फोन करायची, बोलायची कमी.

आता सात नंबरच्या नळीचं ऐका. ही नळी गल्लीच्या मागेच, त्यांच्या घरापासून शंभर पावलांवर. बाकीच्या नळ्या जमिनीपासून चांगल्या वर होत्या, हिचं तोंड मात्र जमिनीशी सपाट. इथं मोजायचं तर गुडघे टेकून, पार ओणवं व्हावं लागायचं. खडूमास्तरला कंबरदुखीनं गाठलं होतं. त्या उन्हाळ्यात एकदा तो ओणवा झाला तो उठेचना. गल्लीतल्या न्हाव्यानं दुकानातून येऊन त्याला बखोटीला धरून उभं केलं आणि वर चार लोकांत त्याची नक्कल करून दाखवली. झालं, नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्याच दिवशी त्यानं गोदामातून तीन फुटांचा उरलेला नळीचा तुकडा आणला, सात नंबरवर जोडून टाकला, वर झाकण लावलं. आता उभ्या उभ्या, कमरेत न वाकता टेप सोडता येत होती. पावसाचं गढूळ पाणीही आत जाणार नव्हतं. फार बरं वाटलं त्याला. दोन-तीनदा विनाकारण जाऊन त्या नळीवर हात टेकून उभा राहिला.

रजिस्टरात लिहिलं नाही. लबाडी नव्हती त्यात. नळीचं तोंड दुसऱ्या कुणी हलवलं असतं तर खडूमास्तरनं आकाशपाताळ एक केलं असतं. स्वतः हलवलं, तेही कंबरेसाठी, म्हणून ते त्याच्या लेखी तोंड हलवणं झालंच नाही. कंबरेचा इलाज झाला. माणूस असा असतो, काय करणार.

त्या वर्षी तिसरं तळं नवीन होतं. गल्लीच्या सगळ्यांत जवळचं तेच. नदी फुगली, तिसऱ्या तळ्याचं दार पहिल्यांदा उघडलं, आणि पाणी असं मुरायला लागलं की इंजिनियर साहेब खूश. नियम एकच होता: सात नंबरला पाणी पाच फुटांच्या आत आलं की दार बंद करायचं, कारण पुढं घरं आहेत. खडूमास्तर रोज सकाळी आकडा आणायचा. नऊ फूट. आठ. सात. मग साडेपाचला येऊन आकडा थांबला. साडेपाच म्हणजे अजून अर्धा फूट हातात आहे. दार उघडं राहिलं.

साडेपाचातून तीन गेले की किती राहतात, ते तुम्हाला कळलं. त्याला कळायला चार महिने लागले.

पहिल्यांदा म्हाताऱ्यानं सांगितलं ते एका सकाळी, खड्ड्यातून पाय वर काढून. पावड्यांखाली ओल आलीय म्हणाला. पायाला कळतंय, खालून येतंय. खडूमास्तर तेव्हा ऑफिसला निघालेला. त्यानं बुटाची नाडी बांधता बांधता समजावून सांगितलं की पाणी साडेपाच फुटांवर आहे, खड्डा तीन फुटांचा आहे, मध्ये अडीच फूट कोरडी जमीन आहे, तेव्हा खालून काही येणं शक्य नाही. म्हातारा म्हणाला, बरं. पोरगा मोजणीतला माणूस, त्याचं ऐकायला हवं, असं त्याला वाटलं असेल. पण पाय काही ऐकेनात. चार दिवसांनी पायजम्याचे पाय पोटरीपर्यंत ओले. आठवड्यानं काठाची माती ओल पिऊन मऊ झाली आणि बसायची जागाही भिजायला लागली. म्हातारा उठला की मागून पायजम्यावर डाग.

तो डाग सुनेनं पाहिला.

तिला सगळा दोष देऊ नका. तिनं त्या घरात वीस वर्षं धुणं धुतलं होतं, आणि ओल्या पायजम्याचा अर्थ बाईमाणूस एकच लावतं. तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितलं की बाबांचा खाली ताबा राहिला नाही. आणि खडूमास्तरला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं. ओल आहे हे आता त्यालाही दिसत होतं आणि आकडा तर साडेपाच होता. दोन्ही एकाच वेळी खरं असायचं तर पाणी म्हाताऱ्यातूनच यायला हवं. हिशेब जुळला. जुळलेला हिशेब त्याला बापापेक्षा जवळचा होता.

मग सुरू झालं. आधी काठावर रबरी चादर आली. म्हातारा त्यावरून घसरायचा. मग डॉक्टर. डॉक्टरनं दिवसातून किती वेळा, आपोआप होतं का, कळतं का, असं विचारलं. म्हाताऱ्यानं शांतपणे उलटं विचारलं, "डॉक्टर, माणूस पायाकडून भिजत वर येतो का?" डॉक्टरनं मास्तरकडे पाहिलं, मास्तरनं खाली पाहिलं, आणि डॉक्टरनं कागदावर 'गोंधळलेले' असं लिहून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी म्हाताऱ्याचं तोंड सुकायला लागलं. तो पाणी मागायला लागला. पाणी मागतो म्हणजे जास्त होणार, म्हणून मास्तरनं नियम केला, दुपारी तीननंतर पाणी बंद. उशाचा तांब्या त्यानं स्वतः उचलून वर फळीवर ठेवला. त्याच आठवड्यात ऑफिसात त्याची पाठ थोपटली गेली, तिसऱ्या तळ्यात इतर दोन्ही तळ्यांपेक्षा जास्त पाणी मुरलं होतं. साहेबांनी लाखो लिटरचा आकडा वाचून दाखवला तेव्हा मास्तर टाळ्या वाजवत होता, आणि घरी बाप ओल्या पंच्यानं ओठ पुसत होता.

गल्लीत गोष्ट राहते थोडीच. न्हाव्यानं दुकानाच्या पायरीवरून विचारलं की मास्तर, पंधरावी नळी घरातच बसवली का, टेप सोडून बघता का रोज. सगळे खो खो हसले. मास्तरही हसला. हसला नसता तर आणखी हसले असते, म्हणून हसला. घराचं दार उघडंच होतं, आणि आत धोट्याचा आवाज थांबला.

मग सुनेनं दुकानातून मोठ्या माणसांची लंगोटं आणली, प्लॅस्टिकची, कागदी कापूस भरलेली. पहिल्या दिवशी ते बांधायला मास्तर स्वतः बसला. म्हातारा छताकडे बघत उभा राहिला, दोन्ही हात मागाच्या दांडीला धरून. संध्याकाळी सोडून पाहिलं तर लंगोट बाहेरून चिंब आणि आतून कोरडं ठणठणीत. आता कुणीही शहाणा माणूस इथं थांबला असता. आतून कोरडं आणि बाहेरून ओलं, म्हणजे पाणी कुठून आलं? मास्तरनं ते लंगोट हातात फिरवून पाहिलं आणि बायकोला म्हणाला की म्हातारा लबाड झालाय, काढून ठेवतो आणि नंतर परत चढवतो. बायको म्हणाली, वासही किती येतोय खोलीत. वास येत होता तो सुताला लावायच्या खळीचा, आंबूस, गेली सहासष्ट वर्षं येत होता. पण एकदा वास येतो असं ठरलं की येतोच.

घराण्याची अब्रू जायची राहिली होती ती एका रविवारी गेली. मास्तरनं इंजिनियर साहेबांना चहाला बोलावलं होतं. वरची जागा रिकामी होणार होती, नळ्यांवरच्या सगळ्या मोजणीवाल्यांचा प्रमुख, आणि तिसऱ्या तळ्याच्या आकड्यांमुळे मास्तरचं नाव पुढं होतं. चार दिवस बायकोनं घर घासलं. म्हाताऱ्याला आतल्या खाटेवर बसवून ठेवलं, हलायचं नाही असं बजावून. साहेब आले, बसले, चहाचा कप उचलला, आणि आतलं दार उघडलं.

म्हातारा भिंत धरून आला. हातात एक फडकं होतं, खड्ड्यात पायाखाली घ्यायचा ते, पिळलं तर धार लागेल असं. तो थेट साहेबांसमोर येऊन उभा राहिला आणि ते फडकं त्यानं पुढं धरलं.

"साहेब, तुम्ही शिकलेले आहात. याचा वास घ्या. हे माझं नाही, तुमच्या तळ्याचं पाणी आहे."

साहेबांनी कप खाली ठेवला. खरंच घेतला असता वास, कोण जाणे. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचा हात थोडा पुढं आलाही होता. पण मास्तर मध्ये पडला. त्यानं बापाच्या हातातून फडकं ओढून घेतलं, दोन बोटांत लांब धरलं, नाक फिरवलं आणि ते दाराबाहेर भिरकावून दिलं. साहेबांची माफी मागितली. बाबांचं वय झालंय म्हणाला, खालचा ताबा गेलाय, त्यामुळे असं काहीतरी डोक्यात घेतात.

म्हातारा पोराकडे वळला. आवाज अजिबात चढवला नाही. "तू तरी घे की रे वास. एकदा घे."

"बाबा, आत जा," मास्तर म्हणाला. "लाज आणू नका."

साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. आपल्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं म्हणाले. हॉस्पिटलच्या मागे म्हाताऱ्या माणसांचा एक वॉर्ड आहे, चांगला आहे, ओळख आहे आपली, जागा मिळवून देतो. मग बोलणं सात नंबरवर आलं आणि साहेबांनी विचारलं, काय आकडा आज? मास्तर म्हणाला, साडेपाच. ओलं फडकं तेव्हा पायरीवर पडलेलं होतं आणि त्याच्याखाली एक छोटं थारोळं झालं होतं. साहेब निघताना त्याला ओलांडून गेले.

म्हाताऱ्याला वॉर्डात नेलं त्या दिवशी मागावर अर्धी चादर होती. त्यानं एवढंच विचारलं की तेवढी चादर तशीच राहू द्याल ना. मास्तर हो म्हणाला. अगदी न अडखळता हो म्हणाला, कारण सुताराला सकाळी नऊची वेळ दिलेली होती. दुसऱ्या दिवशी सुतारानं माग मोकळा केला, चादर कात्रीनं कापून काढली, गवंड्यानं खड्ड्यात विटांचे तुकडे भरले, वर सिमेंट, वर पांढऱ्या फरशा. खड्डा भरताना गवंडी म्हणाला, खाली फार ओल आहे. सून कडवट हसली आणि तिनं कारण सांगितलं. गवंडी नाक मुरडून लांब सरकला, आणि सिमेंट त्यानं पुढं लांब फावड्यानं टाकलं. अर्ध्या चादरीचं पायपुसणं झालं. खोलीत सोफा आला. आता दार ओढून घ्यायची गरज नव्हती.

तीन आठवडे गेले. एका सकाळी बायकोनं समोरच्या खोलीतून हाक मारली. हाकेत काहीतरी वेगळं होतं म्हणून मास्तर दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आला. खड्ड्यातल्या विटांच्या तुकड्यांनी खालचं पाणी शोषून वर चढवलं होतं, आणि आता ते फरशांच्या फटींतून बाहेर येत होतं. खड्डा होता तिथल्या चार फरशा फुगून उचलल्या होत्या, सोफ्याचे पाय काळे पडले होते, आणि पायपुसणं पाणी पिऊन जड झालं होतं. घरात म्हातारा नव्हता. म्हातारा तीन मैलांवर होता. बायको पदर खोचून त्या पाण्यात उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आता कोण मुततंय हो?" ती म्हणाली.

मास्तर खाली बसला. कंबर दुखली, तरी बसला. बोट पाण्यात बुडवलं आणि नाकापाशी नेलं. कसलाच वास नव्हता. होता तो मातीचा, गार, ओल्या खडूचा. टेप वर ओढली की टोकाला जो असतो तो. सोळा वर्षं रोज चौदा वेळा घेतलेला वास, आणि तो त्याला बापाच्या पायजम्यावर ओळखता आला नव्हता. तो भिंत धरून उठला. मग तोंडावरचा फेस तसाच घेऊन घराबाहेर पडला.

सात नंबरपाशी जाऊन त्यानं सवयीनं झाकण काढलं, टेप सोडली. पाच फूट. म्हणजे अजून नियमात. तो टेप वर ओढणार, तेवढ्यात त्याचा हात नळीच्या काठावर टेकला, कमरेच्या उंचीवर, जिथं गेले सात महिने आरामात टेकत होता. त्यानं खाली पाहिलं. जोड दिसला. जोडाच्या वर तीन फूट नळी, ताज्या रंगाची, त्याच्याच हातानं बसवलेली. माप कुठून धरलंस ते आधी बघ. तो तिथंच मटकन बसला. समोरून न्हावी दुकान उघडायला येत होता, त्यानं विचारलं की काय मास्तर, परत कंबर धरली का. मास्तर हो म्हणाला.

ऑफिसात त्यानं साहेबांना खरं ते सांगितलं, एवढं मात्र त्याच्या नावावर जमा धरा. साहेबांनी दार लावून घेतलं. बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले. मग म्हणाले की तिसऱ्या तळ्याचं दार आजच बंद करू, आजपासून बरोबर आकडा लिही, मागचं मात्र उकरायचं नाही, मागचं उकरलं तर तू एकटा जाणार नाहीस. मास्तरनं मान हलवली. दार बंद झालं. पाणी सावकाश उतरायला लागलं. उन्हाळ्यात खालच्या शेतांना शेवटपर्यंत पाणी पुरलं, असं पीक दहा वर्षांत आलं नव्हतं, आणि तळ्यांचं कौतुक करायला लांबून माणसं येऊन गेली. मास्तर मोजणीवाल्यांचा प्रमुख झाला. पण ते सगळं पुढचं.

वॉर्डात तो गेला आठ दिवसांनी. आठ दिवस का लागले? फरशा उखडायच्या होत्या, आकडे नीट लावायचे होते, एक दिवस कंबर दुखत होती. पाचावर धारण बसलेल्या माणसाला कारणं भरपूर सापडतात. बापाला नेऊन सोडल्यापासून तो एकदाही इकडं फिरकला नव्हता.

वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेला एक पाटी अडकवलेली. म्हाताऱ्याच्या पाटीवर लिहिलं होतं: पाणी दिवसाला चार कप, तीननंतर नाही. घरच्या माणसांनी भरती करताना जे सांगितलं तेच तिथं उतरवलं होतं. अक्षर दुसऱ्याचं, नियम मास्तरचा. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. महिन्याभरात तो अर्धा झाला होता. ओठांना भेगा. ते हात, जे धोटा फेकताना डोळ्यांना दिसायचे नाहीत, ते पांघरुणावर नुसते पडले होते. चालायला बाहेर नेत नाहीत, मावशीला वेळ नसतो, आणि हाक मारून मावशी येईपर्यंत धरवत नाही, असं शेजारच्या खाटेवरच्यानं न विचारता सांगितलं.

मास्तर खाटेपाशी उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. नळीचा तुकडा, तीन फूट, साडेपाचाचे अडीच, फरशा, दार बंद केलं ते. काही लपवलं नाही. सांगताना त्याचा आवाज हळूहळू मास्तरसारखा राहिला नाही.

"बाबा, ते पाणीच होतं," तो शेवटी म्हणाला.

म्हातारा सावकाश कुशीवर वळला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं कारागिरानं विचारावं तसं विचारलं, "किती वर आलं?"

"फरशीच्या वर. खड्डा भरला तरी."

म्हाताऱ्यानं मान हलवली. आपलं माप बरोबर होतं, एवढंच त्या मान हलवण्यात होतं. क्षणभर पाठ ताठ झाल्यासारखी वाटली. मग त्यानं जे ऐकलं होतं त्यातला एक शब्द त्याच्या ध्यानात आला.

"भरला? खड्डा भरला?"

मास्तर खाटेची लोखंडी दांडी चोळत राहिला.

"आणि चादर?"

मास्तर घाईघाईनं बोलायला लागला. घरी चला म्हणाला. आजच चला, खड्डा परत खणू, सुताराला सांगतो, माग परत उभा करू, पाणी उतरतंय, दीड महिन्यात सगळं कोरडं होईल. बोलता बोलता त्यानं उशाचा कप उचलला, नळावरून भरून आणला आणि बापाच्या ओठांपाशी धरला. म्हातारा प्यायला, पुरता कप प्यायला, डोळे मिटून. पिताना त्याच्या अंगावरचं पांघरूण सरकलं, आणि खालची चादर कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजत गेलेली दिसली, अजून भिजत असलेली.

मास्तरनं पाहिलं. म्हाताऱ्यानं त्याला पाहताना पाहिलं. पांघरूण वर ओढायचा प्रयत्नही त्यानं केला नाही.

"तेव्हा पाणी होतं रे," म्हातारा म्हणाला. "आता नाही. हवं तर वास घे."

या खेपेला वाकायची गरज नव्हती. वास उभ्यानंच येत होता.